इटलीची रंगीत तालीम, मुक्काम क्रांजी

इटलीच्या प्रवासाला आम्ही शनिवारी सकाळी सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या बहुमजली वाहनतळावरून निघालो, आणि पहिल्याच वळणावर गाडीचा डावा आरसा खांबाला घासला. खांब फारच पुढे आलेला होता. हे वाहनतळ ज्या कुणी आखलं त्याने जन्मात कधी गाडी चालवलेली नसावी, असं मी मोठ्याने म्हणालो. माझी बायको वृंदा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "डावीकडे सांभाळ." मागून आमची पंधरा वर्षांची लेक ईरा म्हणाली, "बाबा, इटली अजून स्टार्टच नाही झाली ला." (हा 'ला' सिंगापुरी; इथे तो कुठल्याही वाक्याच्या शेपटीला लागतो.)

वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो. खरी इटली सप्टेंबरात होती. तेव्हा ईराच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते आणि इटलीच्या पिडमाँट भागात द्राक्षांची तोडणी त्याच सुमाराला सुरू असते. तिथल्या लांघे नावाच्या टेकड्यांमधून, बारोलो, ला मोर्रा अशा वाइनच्या गावांतून आपली आपण गाडी चालवत हिंडायचं आणि रात्री आग्रितुरिस्मोत (शेतकऱ्याच्या घरीच केलेली पाहुण्यांची सोय) मुक्काम करायचा, असा माझा बेत होता. मी मूळचा नाशिकचा. लहानपण द्राक्षांच्या मांडवाखाली गेलेलं असल्यामुळे द्राक्षांच्या बाबतीत इटालियन लोकांनी मला काही शिकवावं अशी माझी अपेक्षा नव्हती. मला हवी होती ती गाडी. सिंगापुरात गाडी बाळगायच्या परवान्याची मुदत दहा वर्षांनी संपते, आणि नवा परवाना घेणं म्हणजे गाडीवर आणखी एक गाडी घेण्यासारखं असतं. आमची मुदत संपली तेव्हा मी गाडी देऊन टाकली आणि ट्रेनचा माणूस झालो. पण वन-नॉर्थ नावाच्या भागात ऑफिसला जाताना दांडीला लोंबकळत मी मनातल्या मनात गाडीच चालवत असे. इटलीत मला मळे बघायचे होतेच, पण त्याहून जास्त मला पुन्हा एकदा स्टिअरिंग हातात हवं होतं.

ट्रेनचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार इथेच नोंदवून ठेवतो. सिंगापूरच्या शिस्तीचं आपल्याकडे फार कौतुक होतं. ते कौतुक जुनं झालं. गेल्या काही महिन्यांत इथल्या लोकांना काय झालंय कोण जाणे, पण स्टेशनात कुणीही बाजूने येतं आणि सरळ अंगावर आदळतं. वर माझ्याचकडे रागाने बघतं. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, सामानाच्या ढकलगाड्या, कुणी म्हणून सोडत नाही. वर्तमानपत्रांचंही तेच. आताशा ते इतकं गचाळ छापतात की एक ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. मी शेवटी पेपरच बंद केला.

आता क्रांजी कशाला, ते सांगतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, आणि हौस नाटकाची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी जे नाटक होतं ते बसवायचं काम कैक वर्षं माझ्याकडे आहे, आणि माझा एक नियम आहे. पोशाख, रंगभूषा, दिवे, सगळ्यासकट एक रंगीत तालीम झाल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. ऑफिसातही मी हेच करतो. इटलीत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची, ड्रायव्हर डावीकडे बसणार, गावांत अरुंद गल्ल्या, कुठे गाडी न्यायची बंदी. हे सगळं आयत्या वेळी निभावून नेऊ म्हणणारी माणसं मला बघवत नाहीत. ईरा मला किआसू म्हणते (कुठेच कमी पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस, असा या चिनी बोलीतल्या शब्दाचा अर्थ). मी ते कौतुक म्हणून घेतो.

तर तालीम घरातच सुरू झाली होती. जेवणाच्या टेबलाशी मी खुर्चीवर बसायचो, हातात स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरायचो आणि ईरा फोनवरून इटालियन गावांची नावं वाचायची. एकदा माझ्या एका झोकदार डाव्या वळणाला टेबलावरचा पाण्याचा तांब्या खाली गेला. "तुझ्या हाताशीच तर होता," वृंदा म्हणाली. तांब्या तिथे कुणी ठेवला हा माझा प्रश्न होता, आणि पुढचं घडलं नसतं तर तो मला आजही रास्त वाटला असता.

त्याच आठवड्यात आमच्यात कोशिंबिरीवरून वाजलं. वृंदा बँकेत हिशेब तपासायचं काम करते. दिवसभर दमून आल्यावरही तिचं ताट वाढणं म्हणजे तिच्या आईसारखं असतं: भाजी-आमटी उजवीकडे, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. त्या दिवशी ताटात डावी बाजूच नव्हती. मी विचारलं तर ती म्हणाली, "कशाला करू? तू तोंडदेखलीसुद्धा खात नाहीस. रोज तशीच उचलून ठेवते मी." मी म्हणालो, मी कधीही कोशिंबीर टाकलेली नाही, तूच करायची बंद केली आहेस. ती माझ्याकडे बघत राहिली आणि उठून भांडी आवरायला लागली. एवढ्याशा गोष्टीवरून बायकोने खोटं बोलावं याचा मला धक्का बसला होता. धक्का कशाला म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

असो. गाडी भाड्याने घेतली आणि निघालो. मी एक्सप्रेसवेवर अगदी डावीकडची लेन धरली आणि ती सोडली नाही. बऱ्याच वर्षांनी चालवत होतो, उगाच मस्ती नको. हात विसरले नव्हते. खिडक्या बंद, थंडगार हवा, पुढे मोकळा रस्ता, आणि ईरा मागून सांगत होती, "बाबा, नाऊ वी आर लीव्हिंग मिलान." मला इतका आनंद झाला होता की मी एक जुनं नाट्यपद गुणगुणायला लागलो. तेवढ्यात बाजूच्या जोडरस्त्यावरून एक लॉरी भोंगा वाजवत थेट माझ्या नाकासमोर आली. कुठून आली, कशी आली, काही पत्ता नाही. वृंदाने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. "डावीकडून येतायत, डावीकडे बघ ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "मला चालवू दे. तू नकाशा बघ." आणि मी पद पुढे चालू ठेवलं.

सिंगापूरच्या वायव्येला क्रांजी आणि लिम चू कांग आहे. इतकी वर्षं या बेटावर राहून तिथे आम्ही एकदाही गेलो नव्हतो. उंच इमारती एकदम संपल्या आणि झाडं अंगावर आली, तेव्हा आपण चुकून मलेशियात शिरलो की काय असं वाटलं. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, कडेला केळी, तळी, भाजीचे वाफे. हे सगळं मला ईरा सांगत होती, कारण माझं लक्ष रस्त्यावर होतं. एका ठिकाणी लष्कराची पाटी लागली, आत बंदुकांचा सराव चालतो, शिरू नये. पुढे एक रस्ता असा सरळसोट आला की मी चकित झालो. ईराने फोनवर वाचून सांगितलं की कठीण प्रसंगी या रस्त्यावर लढाऊ विमानं उतरवायची सोय आहे, त्यासाठी दिव्याचे खांबसुद्धा उपटून बाजूला करता येतात. वृंदाने विचारलं, "आज उतरणार नाहीत ना?" त्याच्या पलीकडे दफनभूमी. इथे जमीन इतकी कमी की मेलेल्या माणसालाही ठराविक वर्षांनी जागा रिकामी करावी लागते. लांघेच्या टेकड्यांशी या गोष्टींचं साम्य शोधायचा मी प्रयत्न केला, पण जमेना.

बेडकांच्या फार्मवर तर वृंदाने हात टेकले. सिमेंटच्या हौदांमध्ये शेकडो बेडूक एकमेकांच्या अंगावर बसलेले होते. तिथल्या चिनी आंटीने प्रेमाने एका बाउलमध्ये पांढरी, जेलीसारखी गोड खीर आमच्यापुढे केली. हिला हाश्मा म्हणतात. कशाची, असं वृंदाने विचारलं.

"बेडकिणीच्या पोटातली," आंटी म्हणाली. "कातडी छान राहते. तुम्हाला हवीच."

वृंदाने बाउल जसाच्या तसा माझ्या हातात दिला. मी तो ईराच्या हातात दिला. ईराने सगळा संपवला आणि "नॉट बॅड" म्हणाली. आपल्या पोटची मुलगी बेडकीण खाते हे बघून वृंदा तडक गाडीत जाऊन बसली.

जेवायला आम्ही जलाशयाच्या काठी एका बाकावर बसलो. डबा वृंदाने केला होता. पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि भांडण मिटवायचं म्हणून की काय, दाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर. कागदी ताटलीत तिने नेहमीसारखं वाढून दिलं. मी भाजी दोनदा घेतली, पोट भरून जेवलो आणि ताटली कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठलो. वृंदाने ती माझ्या हातातून घेतली. त्यात बघून तिचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं, बेडूक अजून डोक्यातून गेला नाहीये.

आमचं खरं काम होतं ते शेवटच्या थांब्यावर. इथे एक शेळ्यांचा फार्म आहे. मागे खडी टाकलेलं मोठं मोकळं आवार आहे, दूध काढायची वेळ संपली की तिथे चिटपाखरू नसतं, हे मी आधीच फोनवर नकाशा मोठा करून करून बघून ठेवलं होतं. सार्वजनिक रस्त्यावर उजव्या बाजूने गाडी चालवून मला तुरुंगात जायचं नव्हतं. फार्मचे मालक मिस्टर गोह, साठीचे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेले, हातात लाल बादली. आम्ही तिघांनी शेळीचं दूध विकत घेतलं, ते छान असल्याचं सांगितलं आणि मग मी मुद्द्याला हात घातला.

"माझ्या आवारात गाडी चालवायची?" त्यांनी विचारलं. "उलट्या बाजूने? कशाला?"

"आम्ही इटलीला जाणार आहोत."

"मग इटलीत चालवा ला."

मी त्यांना रंगीत तालीम समजावून सांगितली. मिस्टर गोह यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वृंदाकडे बघितलं, आणि तिने खांदे उडवल्यावर त्यांना एकदम मजा वाटायला लागली. माझ्या रामबुतानच्या झाडाला धक्का लावायचा नाही एवढीच त्यांची अट. ईराने दुधाचे प्लॅस्टिकचे रिकामे क्रेट मांडून मधोमध एक रस्ता आणि एक चौक तयार केला. समोरून येणारी इटालियन गाडी कोण होणार असा प्रश्न आला तेव्हा मिस्टर गोह आपणहून पुढे आले. चौकाच्या डाव्या अंगाला ते लाल बादली घेऊन उभे राहिले. ईरा कडेला बसली होती आणि फोनवर चित्रण करत होती.

पहिल्या फेरीत मी डावीकडचे तीन क्रेट आडवे केले. क्रेट फार आत मांडले होते. दुसऱ्या फेरीत पुन्हा दोन. "बाबा, यू नॉट लुकिंग," ईरा ओरडून म्हणाली. मी बघत होतो. मी डोळे फाडून बघत होतो. तिसऱ्या फेरीत मला डावं वळण घ्यायचं होतं, जे इटलीत सगळ्यात अवघड, कारण समोरून येणाऱ्याला वाट देऊन मग वळायचं असतं. चौकात आलो. थांबलो. समोर बघितलं, डावीकडे जराशी नजर फिरवली. कुणी नव्हतं. मला रस्ता मोकळा दिसला, एवढं मी आजही शपथेवर सांगेन. मी वळलो.

ईराची किंकाळी, वृंदाने खेचलेला हँडब्रेक आणि चाकाखाली काहीतरी फुटल्याचा आवाज, हे तिन्ही एकदमच झालं.

मला वाटलं, माणूस गेला. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. दार उघडायचं असतं हेसुद्धा मला सुचत नव्हतं. मग मिस्टर गोह माझ्या खिडकीशी आले, उजवीकडून. त्यांच्या हातात बादलीची नुसती कडी होती. त्यांना लागलं नव्हतं, ते वेळेवर मागे उडी मारून सरले होते, पण त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"मी हात केला," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. आणि आलात."

"तुम्ही नव्हता तिथे," मी म्हणालो.

"बाबा, अंकल तिथेच होते. होल टाइम." ईरा रडत होती. तिला इतकी रडताना मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. "यू लुक्ड ॲट हिम."

मला राग आला. सगळी मिळून मला खोटं पाडत आहेत असं वाटलं. मी खाली उतरून त्यांना सांगायला लागलो की सूर्य डोळ्यांवर होता, क्रेट चुकीचे मांडले होते, इटलीत समोरची गाडी बादलीएवढी नसते. वृंदा गाडीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माझ्या नाकाकडे बघ," ती म्हणाली. "डोळे हलवायचे नाहीत. हात दिसला की सांग."

तिने माझ्या उजवीकडचा हात वर केला. दिसला, मी म्हणालो. मग ती नुसती उभीच राहिली. मी म्हणालो, "कर ना दुसरा हात वर." तिच्या नाकाकडे बघता बघता मला अचानक तिच्या गालापाशी तिचीच बोटं दिसली, हलत असलेली, जशी काही हवेतून निघाली. ती कधीपासून हात हलवत होती. मी एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हीकडून तेच. उजवीकडे शेळ्यांचा गोठा, मिस्टर गोह, रामबुतानचं झाड. डावीकडे काळोख नव्हता, धूसरपणा नव्हता. आपल्याला आपल्या पाठीमागचं जसं दिसत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही, तसं होतं. जगाची डावी बाजू कुणीतरी उचलून नेली होती आणि मला पत्ताच नव्हता.

वृंदाने हात खाली घेतला. "कोशिंबीर," ती म्हणाली. एवढा एकच शब्द.

तेव्हा मी हादरलो. ट्रेनमध्ये आदळणारी माणसं, पेपरातल्या सापडत नसलेल्या ओळी, तांब्या, खांब, लॉरी, सगळं एकामागोमाग डोक्यात आलं. मी त्या खडीतच बसलो. सकाळपासून मी माझ्या दोन्ही माणसांना घेऊन भरधाव रस्त्यावरून आलो होतो. गाणं म्हणत आलो होतो. मिस्टर गोह यांनी मला पाणी आणून दिलं, ग्लास माझ्या उजव्या हातात दिला, आणि म्हणाले, "आता इटली राहू दे. डॉक्टर ला."

पण जाणार कसं? मी चालवणं शक्य नव्हतं. ॲम्ब्युलन्स बोलवावी का असं मिस्टर गोह विचारत होते. वृंदाने चपला काढल्या, मागच्या सीटखाली ठेवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा दोघांनी एकाच दिवशी परीक्षा देऊन इथलं लायसन्स घेतलं होतं, पण तिचं लायसन्स म्हणजे पाकिटातला एक फोटो अशीच माझी समजूत होती. मिरजेला लग्नाआधी ती वडिलांची जीप अनवाणी चालवायची हे मी ऐकलं होतं, तिच्या बहिणींनी थट्टेने सांगितलेलं. आमच्या गाडीत मात्र ती कधी त्या बाजूला बसली नव्हती. मी कधी उठलोच नव्हतो तिथून.

"जमेल तुला?" मी विचारलं.

"सीट पुढे कशी घ्यायची तेवढं सांग," ती म्हणाली.

मी डावीकडे, बायकोच्या जागेवर बसलो. मिस्टर गोह यांनी हात करून आम्हाला फाटकाबाहेर काढलं. त्या परतीच्या वाटेचं वर्णन मला करता येत नाही, कारण माझ्या बाजूच्या खिडकीतलं मला काहीच दिसत नव्हतं. सगळी वाट मला दिसत होती ती फक्त वृंदा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओठ आवळलेले, कानामागे घामाने चिकटलेले केस. ईरा मागून गाड्यांची माहिती पुरवत होती. "आई, लॉरी कमिंग, लेट हिम गो. ओके. नाऊ कॅन." ती पंधरा वर्षांची पोर त्या दिवशी माझ्याहून मोठी झाली. एक्सप्रेसवेवर लागल्यावर वृंदाने हळूच वेग वाढवला, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी लाज वाटेल इतकं रडू आलं.

आम्ही थेट नोव्हेनाला गेलो. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखानेच दवाखाने आहेत. तिथल्या एका इस्पितळात तातडीच्या विभागात मला आत घेतलं, मेंदूचे फोटो काढले, आणि एका तरुण डॉक्टरणीने ते पडद्यावर लावून दाखवले. मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या अंगाला, एका लहानशा जागेचा रक्तपुरवठा कधीतरी तुटला होता आणि तेवढा भाग गेला होता. हात-पाय लुळे पडले नाहीत, तोंड वाकडं झालं नाही, काही दुखलं नाही. झोपेतही झालं असेल. काही महिने उलटले असावेत, नक्की सांगता येत नाही.

"मला कळलं कसं नाही?" मी विचारलं. हा प्रश्न मी तिला निदान तीनदा विचारला असेन.

"डोळे ठीक आहेत," ती म्हणाली. "बघणारा मेंदू आहे. त्याला जे मिळत नाही, ते नाहीच असं तो धरून चालतो. पुष्कळांना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगेपर्यंत कळत नाही."

माझ्या डोक्यात तरीही सप्टेंबर होता. मी विचारलं की इटलीपर्यंत हे भरून येईल का. तिने पडद्याकडे बघून मग माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की दुसरा झटका येऊ नये यासाठी औषधं आहेत, ती जन्मभर घ्यायची. गेलेली बाजू बहुतेक परत येणार नाही. मान वळवून बघायची सवय लावून घ्यायची. प्रवास पुढे खुशाल करा. "गाडी नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता, पण त्यात वादाला जागाही नव्हती. पन्नाशीतल्या माणसाकडून असं एका वाक्यात काही काढून घेता येतं हे मला माहीत नव्हतं.

काही दिवस मला तिथेच ठेवून घेतलं. दरम्यान वृंदाने गाडी परत करून टाकली. घासलेला आरसा दाखवून तिने त्या माणसाची माफी मागितली, आणि मिस्टर गोह यांना नवी लाल बादली पोचवायला त्याआधी ईराला घेऊन पुन्हा क्रांजीला जाऊन आली. स्वतः चालवत. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही ईराने आधी फोडलं म्हणून.

घरी आलो ते ट्रेननेच. नोव्हेनाच्या स्टेशनात वृंदा माझ्या डाव्या हाताला हात घालून चालत होती. मी दर चार पावलांना मान वळवून तिकडे बघत होतो, आणि दर वेळी तिथे माणसं निघत होती. किती माणसं. शाळेतून सुटलेली मुलं, काठी टेकत येणारी आजी, ढकलगाडीतलं बाळ. इतके महिने यांच्यावर मी जाऊन आदळत होतो आणि यांची शिस्त काढत होतो. पुंगोलच्या छोट्या एलआरटी गाडीत (रिंगणात फिरणारी, दोन-दोन स्टेशनांतलं अंतर जेमतेम गल्लीएवढं) मी उभ्या उभ्या डावीकडे बघितलं, आणि आमच्या घराशेजारचा पाण्याचा कालवा दिसला. तो नेहमी त्याच बाजूला असतो. गेल्या कित्येक महिन्यांत तो मी बघितलेला नव्हता.

घरचं टेबल तसंच होतं. माझ्या उजवीकडे खिडकीशी ईरा, डावीकडे वृंदा, वर्षानुवर्षं ठरलेल्या जागा. इटलीच्या बुकिंगच्या कागदांची चळत कुणी हलवलेली नव्हती. मी ती उचलून कपाटात ठेवायला निघालो तर वृंदा म्हणाली, "राहू दे. डॉक्टर नाही म्हणाल्या नाहीत. पुढच्या सप्टेंबरात जाऊ. ड्रायव्हरचं नाव तेवढं बदल."

"कुणाचं घालू?"

"आता घरात दुसरं कोण आहे?" ती भात वाढत होती. "मला आवडलं चालवायला. त्या दिवशी नाही. बादली द्यायला गेले तेव्हा."

मग तिने माझं ताट वाढलं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे काय वाढलं ते मला दिसलं नाही, आणि मान वळवायची सवय अजून अंगवळणी पडलेली नव्हती. मग दोन्ही हातांनी ताट धरून तिने ते अर्धं फिरवलं. माझ्यासमोर लिंबाची फोड आली, चटणी आली, आणि काकडीची कोशिंबीर आली, वर दाण्याचं कूट घातलेली. मी खायला लागलो. ताटातली सगळी संपवली.

"इटलीत ड्रायव्हर डावीकडे बसतो," थोड्या वेळाने मी म्हणालो. "मी तुझ्या उजवीकडे असणार. द्राक्षांचे मळे सगळे दिसतील मला. तू नाही दिसणार."

"मग मान वळवायची," वृंदा म्हणाली, आणि तिने मला आणखी कोशिंबीर वाढली.